बाविसावं प्रकरण

१९९६, नोव्हेंबरातला तिसरा रविवार, दुपारी तीन वाजता. ठिकाण: राहाता, विहारामागची खोली. हजर: बालवाडीची बाई, कोपऱ्यावरची आजी, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, पोस्टमनची बायको, गिरणीवाली, तिची सून, माझी शेजारीण आणि मी. एकूण नऊ. गैरहजर: एक, माझी थोरली जाऊ. कारण: पित्त.

नोंद माझ्याच अक्षरातली आहे. मी माध्यमिक शाळेत कारकून. हजेरीपट, दाखले, आवक-जावक यांत माझी वीस वर्षं गेली, आणि वहीत खाडाखोड नसावी हा माझा हट्ट घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. या नोंदीतला शेवटचा शब्द चुकीचा होता, हे मला चौथ्या दिवशी कळलं. तो मी अजून खोडलेला नाही.

आमच्याकडे वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि अश्विन पौर्णिमेला समारोप करून खीर वाटायची. त्या वर्षी समारोप झाला आणि बायका म्हणाल्या, सवय लागली आहे, आता थांबायला नको. मग रविवारी दुपारी कादंबऱ्या वाचायचं ठरलं. नियम ग्रंथवाचनाचेच ठेवले. सुरुवातीला मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं. दर वेळी दोन प्रकरणं. आणि मुख्य नियम असा की जी गैरहजर असेल तिच्या घरी जाऊन, त्याच दिवशी, तिला सुटलेला भाग वाचून दाखवायचा. सगळ्या जणी एकाच पानावर असल्या पाहिजेत. पुढे कोणी जायचं नाही, मागे कोणी राहायचं नाही. हे काम अर्थातच माझ्याकडे आलं.

पहिली कादंबरी बालवाडीच्या बाईनं सुचवली आणि गावातल्या वाचनालयातून मी माझ्या नावावर आणली. तिचं नाव इथं देत नाही. माझे आक्षेप लेखकाला रुचतील असे नाहीत. विषय अचानक दृष्टी जाण्याचा. शहरातल्या एका कचेरीत नकाशे काढणारा माणूस, वय चाळीस, सकाळी चहा घेता घेता त्याच्यासमोरच्या कागदावरच्या रेघा जातात, मग कागद जातो, मग सगळंच. एकूण बावीस प्रकरणं. त्या रविवारी आम्ही पहिली दोन वाचली.

संध्याकाळी पुस्तक घेऊन मी जाऊबाईंकडे गेले. त्यांना मी आक्का म्हणते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, सहीपुरतं आणि ठळक अक्षरांपुरतं शिकलेल्या. दीर साखर कारखान्यावर पाळीला गेलेले. आक्का कपाळावर ओलं फडकं घेऊन पडल्या होत्या आणि कॉटखाली घमेलं ठेवलं होतं.

"आलीस का क्लार्कीन? वाच. तुझा नेम चुकायला नको."

"बरं नसेल तर उद्या वाचते, आक्का."

"उद्यापतूर हे डोकं धडावर ऱ्हायलं तर ना! वाच तू. पन आदी तो दिवा घालव. डोळ्यात घुसतोय. लई रंगीत कडं दिसतंय त्याच्याभवती, मांडवातल्या लायटिंगवानी."

"पोटात अन्न नाही, म्हणून तसं दिसतं."

हे मी म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं. दिवा घालवला, खुर्ची दाराशी ओढली आणि ओट्यावरच्या दिव्याच्या उजेडात वाचायला बसले. नकाशे काढणाऱ्याच्या रेघा जाऊ लागल्या, तेव्हा आक्कांना पुन्हा उलटी झाली. मी पुस्तक बाजूला घेतलं. वाचनालयाची प्रत होती, शिंतोडे उडायला नकोत. मग घमेलं धुऊन आणलं, कोकमाचं पाणी दिलं आणि उरलेलं वाचून पूर्ण केलं. त्यांचा डावा डोळा लाल झाला होता. उलटीच्या जोरानं होतो, असं मी मनाशी म्हटलं. दोन्ही प्रकरणं संपली, वहीत 'वाचून दाखवलं' अशी खूण केली आणि घरी आले.

सोमवारी मी मोरावळा पाठवला, मंगळवारी सुंठीचा काढा. बुधवारी सकाळी आक्का स्वतः चालत आमच्या दारात आल्या, डाव्या खांद्यानं चौकटीला धडकत.

"पित्त उतरलं," त्या म्हणाल्या. "पन डाव्या डोळ्यानं काय दिसंना झालंय."

नऊच्या एस.टी.नं आम्ही नगरला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिलं, थेंब घातले, परत पाहिलं. म्हणाले, हा अचानक येणारा काचबिंदू. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते आणि दाब वाढतो. डोकं आणि उलट्या पाहून घरचे पित्तच समजतात. मी विचारलं, रविवारी आणलं असतं तर? ते म्हणाले, खात्री देता आली नसती, पण वाचायची शक्यता होती. आता डावा डोळा गेला. उजवा डोळा त्याच बांध्याचा आहे, त्यालाही हे कधीही होऊ शकतं. त्यात किरणांनी एक बारीक छिद्र पाडून घ्यायला हवं. त्यांच्याकडे ते यंत्र नव्हतं. त्यांनी पुण्याची चिठ्ठी दिली आणि तोवर दिवसातून चार वेळा घालायचे थेंब दिले. मी सगळं लिहून घेतलं. लिहिताना मला बरं वाटतं, नेहमीच वाटतं. वाईट बातमीसुद्धा क्रमांक घालून लिहिली की पुढचं काम दिसू लागतं.

परतीच्या एस.टी.त आक्का खिडकीशी बसल्या. राहुरी मागे पडली. मग म्हणाल्या, "म्हंजी एक गेला."

"हो."

"आन दुसरा चांगला हाय, तर त्यात भोक पाडाया पुन्याला जायचं?"

"बारीक छिद्र आहे, आक्का. सुईच्या अग्राएवढं."

"तुज्या गच्चीला बारीक भोक पाडते उद्या, चालंल का?"

पुढे पंधरा दिवस मी दर दोन दिवसांनी विषय काढला. प्रत्येक वेळी त्यांचं उत्तर वेगळं असे आणि अर्थ एकच. पुण्याला राहायचं कुठं. दिरांना भाकरी कोण घालणार. दुखत नाही त्या डोळ्याला हात कशाला लावायचा. थेंब चालू आहेत ना. थेंबांसाठी मी एक तक्ता आखून त्यांच्या मोरीजवळच्या खिळ्याला अडकवला होता: तारीख, चार रकाने, प्रत्येक वेळी एक टिक. तो मात्र त्यांनी मनावर घेतला. दर आठवड्याला मी पाहत असे आणि एकही रकाना रिकामा नसे.

आता कादंबरीचं. ही वाचायची की बदलायची, असा प्रश्न पुढच्या बैठकीत निघाला. गिरणीवाली म्हणाली, घरात असं झाल्यावर हे बरं दिसत नाही. आम्ही हात वर करून मत घेणार, तेवढ्यात आक्का आल्या. भिंत डाव्या हाताला येईल आणि सगळ्या जणी उजवीकडे येतील अशा बेतानं, माझ्या शेजारी बसल्या.

"माज्यामुळं पुस्तक बदलताय व्हय गं? त्या बाप्याचं पुढं काय हुतंय ते ऐकायचंय मला. माज्यासारकाच फसलाय तो."

मग तीच वाचली. सहा डिसेंबरच्या आसपास निम्म्या जणी मुंबईला गेल्या म्हणून एक रविवार सोडला, संक्रांतीच्या गडबडीत एक. बाकी खंड नाही.

मी त्या कादंबरीला माझ्या परीनं न्याय द्यायचा प्रयत्न केला. भाषा सुरेख होती. पण मला कामं दिसेनात. माणूस आंधळा होतो आणि खिडकीशी बसून बालपण आठवतो, सबंध तीन प्रकरणं. त्या तीन प्रकरणांत त्याला न्हाणीघरात कोण नेतं, ताटात भात कुठं आणि वरण कुठं हे कोण सांगतं, चपला रोज एकाच जागी कोण ठेवतं, याचा पत्ता नाही. बायको येते ती रडायला किंवा चहा ठेवायला. कचेरीतून रजा मंजूर झाली का, कोणी अर्ज केला, तेही नाही. माझ्या वहीत अशा एकतीस शंका आहेत. बालवाडीच्या बाईला त्या पटत नसत.

"अहो, ती कादंबरी आहे, घरकामाची यादी नाही," ती म्हणायची. "आतलं दुःख दाखवायचंय त्यांना."

"आतलं दाखवा की. पण त्याला भात कोण कालवून देतं ते एका ओळीत सांगून टाका."

कोपऱ्यावरची आजी माझ्या बाजूची. "बाप्याचं पुस्तक हाय ते," ती म्हणाली. "भात आपोआप कालवला जातो त्यांचा."

आक्कांचा आक्षेप निराळाच निघाला. सातव्या प्रकरणात लेखकानं अंधाराचं वर्णन दीड पान केलं आहे: काळाकुट्ट, काजळासारखा, विहिरीसारखा. मी वाचत असताना त्या म्हणाल्या, "थांब. काळं न्हाई ते."

"मग कसं आहे?" बालवाडीच्या बाईनं विचारलं. तिनं विचारलं नसतं तर मी विचारलं नसतं.

"तुज्या पाठीमागं काय दिसतंय तुला आत्ता? मागं वळायचं न्हाई."

"काही नाही."

"काळं दिसतंय का?"

"नाही. काहीच नाही."

"तसं. या बाजूला काय न्हाईच. दुनियाच नाकापतूर हाय."

मग आजी म्हणाली, "ते लिवनाऱ्याला कळव बाई, कार्ड टाकून," आणि सगळ्या हसल्या. आक्कासुद्धा. मी वहीत लिहून घेतलं.

ज्या गोष्टी कादंबरीत नव्हत्या त्या मला आक्कांच्या घरी दिसत होत्या. कपात चहा ओतताना धार कपाच्या अलीकडे पडायची. सुईत दोरा ओवायला त्या दोघी बहिणींकडे जाऊ लागल्या. डावीकडून कोणी ताट पुढे केलं की दचकायच्या आणि मग शिवी द्यायच्या. पायरी उतरताना आधी पायानं चाचपायच्या. याचा त्यांनी कधी उच्चार केला नाही. मी पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "शाळा केलीस माज्या घराची."

जानेवारीत एकदा तक्ता पाहताना मी पुन्हा पुण्याचं काढलं. या वेळी त्या चिडल्या नाहीत. पोळपाट पुसता पुसता म्हणाल्या, "पुस्तक संपलं की जाऊ. मदी एक बी रविवार चुकवायचा न्हाई मला. त्याचं काय हुतंय ते कळू दे, मग तू म्हनशील तवा."

मी घरी येऊन हिशेब केला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी पुस्तक संपतं, सोमवारी निघायचं. शाळेत दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज देऊन टाकला. पुण्यात माझ्या मावसबहिणीला पत्र घातलं. दिरांच्या जेवणाची सोय शेजारणीकडे लावली. सगळं जागच्या जागी बसलं.

मग एक काम मी केलं जे नियमात बसत नव्हतं. पुढे कोणी जायचं नाही, हा नियम माझाच. पण समारोपाला खीर किती वाजता चढवायची याचा अंदाज हवा, या सबबीखाली मी आदल्या आठवड्यात शेवटची दोन प्रकरणं एकटीनं वाचली. एकविसाव्या प्रकरणाच्या शेवटी तो माणूस भिंत धरून एकटाच गच्चीवर जातो आणि कठड्यावर हात ठेवून उभा राहतो. बाविसाव्यात सूर्य उगवतो आणि त्याला कठड्याची कड दिसते. आधी कड, मग समोरची चिंच, मग सगळं. डॉक्टर नाही, औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. दृष्टी जशी गेली तशी आपोआप परत येते. पंधरा पानं आहेत, आणि खरं सांगायचं तर पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं तीच.

मी पुस्तक मिटलं आणि पहिला विचार आला तो असा: हे आक्कांनी ऐकलं तर त्या पुण्याला येणार नाहीत.

पर्याय तीन होते. एक, वाचायचं आणि नंतर समजावायचं. समजावणं तीन महिने करून झालं होतं. दोन, शेवट बदलून वाचायचा. ते मला जमणारं नव्हतं, आणि बालवाडीच्या बाईनं भाषेवरूनच पकडलं असतं. तीन, शेवटची पानं नाहीत असं सांगायचं. मी तिसरा घेतला.

त्या रविवारी सगळ्या दहा जणी हजर होत्या. एकविसावं प्रकरण संपलं, मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पुढची पानं फाटलेली आहेत. प्रत अपुरी आहे."

"म्हंजी त्यानं उडी मारली का न्हाई?" आजीनं विचारलं.

"माहीत नाही, आजी. पानंच नाहीत."

"आधी बघून नाही का आणायचं?" गिरणीवाली म्हणाली. "आमच्या दळणात मूठभर कमी आलं तर तू दहा वेळा बोलतेस."

बालवाडीची बाई म्हणाली, वाचनालयाला कळवायला हवं, प्रकाशकालाही लिहायला हवं. मी म्हणाले, मी लिहिते. आक्का माझ्या हाताकडे पाहत होत्या, एवढं आठवतं. समारोप झाला नाही, म्हणून खीर झाली नाही. आणलेल्या दुधाचा चहा केला. वहीत लिहिलं: 'बाविसावं प्रकरण: प्रत अपुरी.' त्या सबंध वहीत जाणूनबुजून लिहिलेली खोटी नोंद हीच. दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचनालयात जमा केलं.

निघताना मी आक्कांना म्हणाले, "पुस्तक झालं. उद्या सकाळची गाडी."

"झालं कुठं?" त्या म्हणाल्या. "ऱ्हायलंय की."

"पानंच नाहीत त्याला मी काय करू? तुम्ही कबूल केलं होतं."

"संपलं की म्हनले हुते."

आणि त्या आल्या नाहीत. दोन दिवसांची रजा मी रद्द करून घेतली. मावसबहिणीला दुसरं पत्र. पुढचा दीड महिना त्या पुण्याचं नाव काढलं की उठून आत जात. थट्टाही करत नसत. तेच मला खटकायला हवं होतं. तक्ता पूर्ण भरत होता, त्यावर मी समाधान मानलं.

मार्चच्या शेवटी, शाळेच्या परीक्षा चालू असताना, सकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली. आक्का उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत लुगडं, डबा आणि नगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

"काल सांजंला दिव्याभवती कडं दिसलं," त्या म्हणाल्या. "उजव्या डोळ्याला. तेच, मांडवावानी. निजल्यावर गेलं. हे पित्त न्हाई. चल."

मी रजेचा अर्ज शेजारणीच्या हाती दिला आणि शिर्डीहून येणारी पुण्याची गाडी धरली. गाडीत विचारलं, थेंब तर नियमित चालू होते ना? आक्का खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"टिका नेमानं मारत हुते," त्या म्हणाल्या.

"आणि थेंब?"

"थेंबानं कपाळ धरतं गं, आन सांजचं अंधुक दिसतं. सोडले मी. पन तू तक्ता बगाया यायची, रिकामा दिसला की तुजं तोंड उतरायचं. म्हनून टिका."

किती दिवस, हे मी विचारलं नाही.

पुण्याला दुपारी पोहोचलो आणि संध्याकाळच्या आत काम झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आक्कांना यंत्रापुढे बसवलं होतं तो सगळा वेळ फार तर चहा उकळण्याइतका. नंतर दाब पुन्हा मोजायचा होता म्हणून तासभर बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. आक्का डोळे मिटून बसल्या.

"कागदाला टाचनी टोचल्यागत वाटलं," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी चार महिने भांडलो आपन." मग जरा वेळानं: "आता तरी सांग. मेला का तो?"

"कोण?"

"नकाशावाला."

"आक्का, पानं नव्हती."

"हुती. तू पुस्तक मिटलं तवा उजव्या हाताला चिमटीभर पानं ऱ्हायली हुती. एक डोळा हाय मला अजून, क्लार्कीन."

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वरचं अक्षर मोठं आणि खाली बारीक होत जाणारी. मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"मी म्हनलं," आक्का पुढे म्हणाल्या, "ही बाई टाचनी हरवली तरी नोंद करती. ही खोटं बोलती म्हंजी लईच वाईट असनार. उडी मारली त्यानं. मग म्हनलं, त्याला मोठमोठे डॉक्टर हुते, बायको हुती, तरी त्याचं असं झालं. आपन पुन्याला जाऊन काय दिवे लावनार? म्हनून न्हाई आले. तुला वाटलं हट्ट."

म्हणजे दीड महिना त्यामुळे गेला. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आलात. पण ती वेळ माझ्यामुळे साधली नव्हती. मी त्यांना खरा शेवट सांगितला. गच्ची, सूर्य, कठड्याची कड, चिंच.

आक्कांनी मिटलेले डोळे उघडले. "आपोआप?"

"आपोआप."

"औशद न्हाई, पानी न्हाई?"

"काही नाही."

त्या हसायला लागल्या. बाकावरच्या बाकी पेशंटांनी माना वळवल्या. "बरं केलंस मग, न्हाई वाचलं ते. हे ऐकलं असतं तर मी तुज्या बापाचं बी ऐकलं नसतं. रोज गच्चीवर जाऊन हुबी ऱ्हायले असते सकाळची."

"म्हणजे वाचलं असतं तरी आला नसता, आणि नाही वाचलं तरी आला नाहीत."

"व्हय. आले ती माजी मी आले." पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "पन हे सांगितलेलं झालं. वाचलेलं न्हाई. ते वाचायचं ऱ्हायलंय. आन मला एकटीला नको, सगळ्या पायजेत. आजी अजून विचारती."

उजवा डोळा शाबूत राहिला. आजही त्या एका डोळ्यानं माझ्या घरातली जळमटं मोजतात.

पुढची हकिगत थोडी आहे. मे महिन्यात मी वाचनालयात ते पुस्तक परत मागायला गेले, तर ते कोणाच्या तरी नावावर गेलेलं, आणि ते परत आलंच नाही. कोपरगावला चौकशी केली, नगरला केली. आवृत्ती संपली होती. पुढच्या वर्षी आक्कांच्या तपासणीसाठी पुण्याला गेलो, तेव्हा फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत एक प्रत मिळाली. तिथंच उभं राहून शेवटची पानं मोजली. पंधरा, सगळी. आता ती माझ्या कपाटात आहे. मधल्या काळात बालवाडीच्या बाईचं लग्न होऊन ती भंडारदऱ्याकडे गेली. पहिल्या पावसाळ्यात तिकडून निघणं तिला जमलं नाही, पहिल्या दिवाळीला ती अवघडलेली होती, दुसऱ्या दिवाळीला आमच्याकडे आजी आजारी. सगळ्या एकाच पानावर असल्या पाहिजेत, म्हणून थांबलो, असं मी सगळ्यांना सांगते.

ते अर्धं खरं आहे. बाकीचं असं की बैठकीच्या सुरुवातीला त्याच पुस्तकाचं मागचं इतिवृत्त वाचावं लागतं. ते वाचायचं माझ्याकडे आहे. त्यात 'प्रत अपुरी' वाचावं लागेल, आणि ते दुरुस्त करायचं तर पहिल्या पानावरचं 'पित्त'ही दुरुस्त करावं लागेल, नऊ जणींसमोर. आक्का दोन्ही जाणतात. दर रविवारी चपला घालताना विचारतात, "टाकलं का कार्ड?"

कार्ड लिहून तयार आहे. भंडारदऱ्याचा पत्ता घातला आहे, मजकूर चार ओळींचा आहे, आजीची तब्येत आता बरी आहे हेही कळवलं आहे. बैठकीची तारीख तेवढी घालायची राहिली आहे.